मशिनीला शिकवलेला हात

"केसातल्या सगळ्या पिना काढ बाळ," गेटवरच्या सिक्युरिटीच्या बाई म्हणाल्या, "सेफ्टी पिना असल्या तर त्या पण."

मी आत्याकडे बघितलं. व्यासपीठावर एक केस हलायला नको म्हणून सकाळी आरशापुढे बसून मी दोन वेण्या अशा काही चापूनचोपून बसवल्या होत्या, की पिना किती खुपसल्यात ते माझं मलाच आठवत नव्हतं. क्रांतीआत्याने एकेक पिन शोधून प्लॅस्टिकच्या वाटीत टाकली. मग स्वतःच्या कमरेला खोचलेली सुती नाडी काढून माझे सगळे केस मागे बांधून टाकले, म्हशीला दावं बांधतात तसे गच्च.

"एखादी आत राहिली तर काय होतंय?" मी विचारलं.

"काय न्हाय. लोहचुंबकाच्या क्रेटजवळनं गेलीस की मुंडकं तिकडं वळतंय. मग तू एकीकडं आन् तुझं भाषाण एकीकडं."

मागे उभ्या असलेल्या बनाबाई फिस्सकन हसल्या. त्या आत्याच्या शेजारच्या टेबलावर काम करायच्या. त्यांच्या मंगळसूत्राची तार इथेच लोखंडाची निघाली, तेव्हापासून त्या काळ्या दोऱ्यात दोन मणी ओवून घालतात. "नवरा म्हणालता सोन्याचं हाय," त्या सांगायच्या, "लोहचुंबक म्हणालं, न्हाय."

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतला हा कारखाना म्हणजे एक लांबलचक पत्र्याची शेड. मोडक्या इलेक्ट्रिक स्कूटरच्या मोटारी, एसीचे कॉम्प्रेसर, बंद पडलेले कॉम्प्युटर असा माल ट्रकने येऊन पडतो. मोटार खोलायची, आतलं चाक भट्टीत तापवायचं, म्हणजे चिकटवलेला डिंक सैल होतो आणि चुंबकाचा जोर थोडा उतरतो. मग चाकाला चिकटलेल्या चुंबकाच्या पट्ट्या एकेक करून उचकटायच्या. लोखंडी हत्यार चालत नाही, तेच चिकटून बसतं, म्हणून लाकडी पाचर. पट्टी असते काचेसारखी ठिसूळ. जोर जास्त झाला की तुकडे उडतात, आणि दोन पट्ट्या एकमेकींजवळ आल्या की मधलं बोट चेंगरतं. आत्याच्या उजव्या हाताच्या एका बोटाला नख अर्धंच आहे.

त्या पट्ट्यांत निओडिमियम असतं. त्याला दुर्मिळ मृदा मूलद्रव्य म्हणतात. हे मी आत्याला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "माती कसली दुर्मिळ गं? आमच्या बावड्यात या म्हणावं, पायजे तेवढी देतो." पण मधे चीनने चुंबक अडवून धरले, आपल्याकडच्या गाड्यांच्या कारखान्यांची पंचाईत झाली, तेव्हा टीव्हीवर ती बातमी लागली की हीच पप्पांना गप्प करायची. "थांबा की जरा. आमच्या खात्याचं चाललंय."

आत्याचा नवरा गेला तेव्हा मी बालवाडीत होते. तेव्हापासून ती आमच्याकडे, कसबा बावड्यात असते. आधी दूध संकलनावर होती, मग एका शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवायची, मग इथे आली. त्या जुन्या कामांना ती नुसतं 'ते दूध' आणि 'ती खिचडी' म्हणते. 'माझं काम' म्हणायची ते याच कामाला.

आता माझं भाषण कुठून आलं, ते सांगते. कारखान्यात त्या दिवशी नव्या यंत्राचं उद्घाटन होतं. मी, अंतरा, दहावी ब, आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धेत 'चक्राकार अर्थव्यवस्था' या विषयावर पहिली आले होते. गेल्या वर्षापर्यंत वर्गात हजेरी देताना माझा आवाज फुटत नव्हता, आणि आता बक्षिसाची ढाल. आत्याने ही बातमी शेडमध्ये इतक्यांदा सांगितली की सुपरवायझर अमरसिंह सर शेवटी म्हणाले, "आणा त्या तुमच्या भाचीला, आम्हीपण ऐकतो." मॅनेजर सयाजीराव साहेबांना तर कल्पना फारच आवडली. कामगाराच्या घरातली मुलगी बोलली की फोटो चांगला येतो, हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

यंत्र म्हणजे एक भला मोठा यांत्रिक हात. आणि तो हात आत्याचा होता. खोटं नाही सांगत. कंपनीने कितीतरी दिवस पट्ट्या उचकटणाऱ्या आठ बायकांच्या टेबलांवर कॅमेरे लावून ठेवले होते. पुण्याहून आलेला इंजिनिअर म्हणाला, यंत्र तुमचे हात बघून शिकणार आहे, तुम्ही नुसतं काम करा. पण नुसतं काम करतील त्या आमच्या बायका कसल्या? त्या कॅमेऱ्याशी बोलायच्या. "हां, बघ रं बाबा, हितं डिंक दाट हाय, हितनं घुसू नको," असं आत्या त्याला समजावून सांगायची.

आणि मेंदीचा घोटाळा तर मीच केलेला. कॅमेऱ्यात फक्त हात दिसणार हे कळल्यावर बायकांचं म्हणणं पडलं, की मग हात तरी चांगले दिसायला नकोत का. एका रविवारी सगळ्या आमच्या सोप्यात जमल्या आणि मी आठही जणींच्या हातांवर मेंदी काढली. आत्या नको नको म्हणत होती. तिचा हात मीच ओढून घेतला आणि पाठीवर मोर काढला, बोटांवर पिसारा. दुसऱ्या दिवशी इंजिनिअरने कपाळाला हात लावला. कॉम्प्युटरला बोट कुठलं आणि पिसारा कुठला ते ओळखू येईना. मेंदी उतरेपर्यंत कॅमेरे बंद.

"लग्नाला आलाय काय?" अमरसिंह सर ओरडले.

"शिकवणाऱ्यानं मास्तरावानी नीट कपड्यात यायला पायजे का न्हाय?" आत्या म्हणाली. "आमचं तर हातच दिसणार."

सयाजीराव साहेब त्या दिवशी हसले होते, आणि सगळ्यांसमोर म्हणाले होते, यंत्र आलं की तुमच्यातल्या तिघींना त्याच्यावर ठेवणार, आणि क्रांतीताईंचं नाव पहिलं. तेव्हापासून आत्या भाकरी थापता थापता माझ्याकडून बटणांवरचे इंग्रजी शब्द शिकत होती. स्टार्ट. रीसेट. फॉल्ट. पिठाच्या बोटाने परातीत ती अक्षरं काढायची आणि मला विचारायची, "ह्यो आर उलटा तर न्हाय पडला?"

तर त्या दिवशी शेडपुढे मांडव घातला होता. पाहुण्यांना फेटे. आत शेडमध्ये यंत्राला झेंडूच्या माळा, पुढे रांगोळी, पाटावर नारळ. बायकांना सगळ्यांना एका रंगाच्या साड्या नेसून यायला सांगितलं होतं, आणि आत्या त्या मोतिया साडीत अशी काही दिसत होती, की मी तिला दोनदा तसं सांगितलं आणि दोनदा मार खाल्ला.

अमरसिंह सर हळदीकुंकवाचं ताट घेऊन आले. "चला, सवाष्णींनी पुढं या. मशीनची पूजा करून घ्या."

बनाबाई पुढे गेल्या. बाकीच्या गेल्या. आत्याही त्यांच्याबरोबर दोन पावलं गेली. मग अमरसिंह सर तिच्याजवळ येऊन हळूच, अगदी चांगल्या शब्दांत म्हणाले, "क्रांतीताई, तुम्ही जरा चहाचं बघता का?"

आत्या वळली आणि कॅन्टीनकडे गेली. इतकी सरळ गेली की कुणाला काही वाटलंसुद्धा नाही. मला वाटलं. माझ्या कानशिलांतून वाफ निघायला लागली. ज्या बाईने त्या लोखंडाला बोटं कशी वाकवायची ते शिकवलं, तिने त्याला हळद लावलेली चालत नाही? मी तिच्या मागे पळत गेले.

ती कप मांडत होती.

"आत्ताच्या आत्ता चल," मी म्हणाले. "पैलं कुंकू तू लावायचं. त्या मशिनीचा हात म्हंजे तुझाच हात हाय."

"बशा पुस."

"आत्या, अपमान केलाय त्यांनी तुझा."

"आवाज कमी."

"न्हाय करणार कमी. असल्या प्रथा बंद करायचं ठराव आपल्याच जिल्ह्यात झाल्यात. मी आत जाऊन सांगतो सगळ्यांना."

"ठराव गावात झाल्यात. ही एमआयडीसी हाय." तिने माझ्या हातात फडकं दिलं. मी फडकं धरून तशीच उभी राहिले. डोळे भरून आले होते, आणि ते रागाने होते हे सांगायचीही मला लाज वाटत होती.

"हे बघ अंतरे," आत्या म्हणाली, "मशिनीला कुंकू लावायची मला हौस न्हाय. बनाबाई कुंकू लावणार आन् घरला जाणार. मला तिच्यावर उभं ऱ्हायचं हाय. उद्यापासनं, रोज. ते एकदा होऊ दे. मग त्या अमरसिंहाला कुंकवाचं काय सुनवायचं ते मी सुनवतो. तुझ्यापरीस चांगलं सुनवतो. आज फकस्त तोंड सांभाळ. तुझं भाषाण झ्याक झालं तर साहेब खूश, साहेब खूश तर माझं नाव पक्कं."

म्हणजे माझं भाषण हा तिचा अर्ज होता. मी बशा पुसल्या.

आणि मी तोंड सांभाळलं. माझ्या मानाने खूपच सांभाळलं. फेटे घातलेल्या माणसांकडे बघत मी सांगितलं, की जमिनीतून एकदा काढलेला धातू पुन्हा जमिनीत गाडणं म्हणजे ताटातलं अन्न उकिरड्यावर टाकणं. डोंगर फोडून, नद्या नासवून जे मिळतं ते आपल्या अडगळीत पडून आहे, फक्त कुणीतरी ते उचकटून काढायला हवं. टाळ्या पडत होत्या. शेवटी पाठ केलेलं संपलं, तेव्हा मी थांबले आणि म्हणाले, "पण या यंत्राला उचकटायला शिकवलं कोणी?" मग मी आठही जणींची नावं घेतली, बनाबाईंपासून सुरुवात करून. आत्याचं शेवटी घेतलं. ती कॅन्टीनच्या दारात येऊन उभी होती, हातात किटली. सगळा मांडव मागे वळून तिच्याकडे बघायला लागला. दिल्लीहून आलेले पाहुणे उठून उभे राहिले आणि टाळ्या वाजवायला लागले, मग बाकीच्यांनाही उठावं लागलं.

मला वाटलं, झालं काम. नाव पक्कं.

सयाजीराव साहेबांनी माईक घेतला. "अंतराने माझं काम सोपं केलं," ते म्हणाले. "या आपल्या भगिनींनी स्वतःची कला यंत्राच्या हाती सोपवली. आजपासून त्यांची बोटं चेंगरणार नाहीत, भट्टीच्या झळा लागणार नाहीत. त्यांना आपण अत्यंत कृतज्ञतेने निरोप देऊ या."

पुन्हा टाळ्या. बायकांनीपण वाजवल्या, सगळे वाजवतात म्हणून. मग अमरसिंह सर एकेकीचं नाव घेऊ लागले आणि चमकत्या कागदात गुंडाळलेलं भिंतीवरचं घड्याळ आणि एक गुलाब देऊ लागले. बनाबाई घड्याळ घेऊन खाली आल्या तेव्हा बाजूच्या बाईला विचारत होत्या, "निरोप म्हंजे? आपण काय गौरी हाय काय?"

अमरसिंह सरांनी ते ऐकलं आणि खाली वाकून सांगितलं, "उद्यापासनं बस तुमच्या स्टॉपला थांबणार नाही, मावशी. तुमचा हिशेब होईल तो खात्यावर येईल."

असा निरोप असतो का कुठे? ज्यांचा आहे त्यांनाच माहीत नाही? एका रंगाच्या साड्या कशाला नेसवल्या ते मला तेव्हा कळलं. घड्याळं काही सकाळी विकत आणली नव्हती, त्यांच्यावर कंपनीचं नाव छापलेलं होतं. म्हणजे छापायला टाकली तेव्हापासून ठरलेलं होतं. आणि आत्या परातीत अक्षरं काढत होती.

तिचं नाव शेवटी आलं. ती किटली खाली ठेवून पदराला हात पुसत व्यासपीठावर चढली. साहेबांनी घड्याळ पुढे केलं. तिने हात पुढे केले नाहीत.

"साहेब, तिघी ठेवणार म्हणालतासा."

माईक साहेबांच्या हातातच होता, त्यामुळे सगळ्या मांडवाने ते ऐकलं.

"ताई, आपण नंतर बोलू."

"नंतर कवा? उद्या तर बस न्हाय."

कोणीतरी हसलं. साहेबही हसले, दुसऱ्याच कारणाने. "त्याचं असं आहे, यंत्रावर डिप्लोमा झालेलाच माणूस लागतो. हेड ऑफिसचा नियम आहे. माझ्या हातात काही नाही."

"त्याला शिकवताना न्हाय विचारलासा डिप्लोमा."

साहेबांनी अमरसिंह सरांकडे बघितलं. माईक बंद झाला आणि स्पीकरवर सनई सुरू झाली. पण माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातो, त्याला माईक लागत नाही. मी व्यासपीठाच्या कडेला उभी होते, तिथूनच म्हणाले, "उत्तर द्या की. विचारलंय तिनं तुम्हाला."

सनईचा आवाज वाढला. दिल्लीच्या पाहुण्यांनी शेजारच्याला काहीतरी विचारलं. त्याने हसून त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं, त्यांनी मान डोलावली आणि पुन्हा टाळ्या वाजवल्या. मी पुन्हा ओरडले. या वेळी माझं मलाच ऐकू आलं नाही.

"घ्या ताई, फोटो थांबलाय," साहेब म्हणाले.

"ऱ्हाऊ दे. घरात घड्याळ हाय," आत्या म्हणाली आणि पायऱ्या उतरून खाली आली. साहेब फोटोवाल्याकडे बघत, घड्याळ पुढे धरून तसेच उभे राहिले.

जेवण होतं म्हणे, जिलेबीपण होती. आमच्यातलं कोणी जेवलं नाही. शेडच्या आत ते यंत्र आपलं काम दाखवत होतं आणि पाहुणे काचेबाहेरून फोटो काढत होते. मी एकदाच बघितलं. पट्टीच्या कडेला पाचर लावायच्या आधी तो हात जरासा थांबायचा, अंदाज घेतल्यासारखा, आणि मग मनगट आतल्या बाजूला वळवायचा. आत्या भाकरी उलटताना अगदी तसंच करते. मला पुढे बघवलं नाही.

गेटकडे चालताना मी बोलतच होते. या शेडमध्ये चुंबकाची धूळसुद्धा झाडून डब्यात भरून ठेवतात, एक चिमूट वाया जाऊ देत नाहीत, आणि त्यावर मी टाळ्या घेतल्या होत्या. मी म्हणाले, मी पेपरात लिहिणार. कामगार आयुक्तांना लिहिणार. ढाल नेऊन परत करणार.

"ढाल कशाला? ती शाळेची हाय," आत्या म्हणाली. "बाकीचं लिही. माझं नाव घालून लिही, भिऊ नको. पर आता चल, बस सुटंल."

बसचा हॉर्न वाजत होता. ती शेवटची फेरी होती आणि बाकीच्या जणी आत जाऊन बसल्या होत्या. गेटवर अंगठ्याच्या हजेरीचं मशीन आहे, येताना एकदा, जाताना एकदा. आत्याने अंगठा लावला.

"प्लीज ट्राय अगेन," मशीनमधली बाई म्हणाली.

आत्याने पदराला अंगठा पुसून पुन्हा लावला. प्लीज ट्राय अगेन. तिच्या अंगठ्यावर रेषाच फारशा उरलेल्या नाहीत. डिंक, भट्टी आणि पट्ट्यांच्या कडा, सगळ्यांनी मिळून त्या घासून टाकल्यात. तिसऱ्यांदाही तेच.

"जावा की क्रांतीताई," सिक्युरिटीच्या बाई हळू आवाजात म्हणाल्या. "आता कोण बघतंय ते?"

"आज कामावर आलतो का न्हाय मी?"

"आलतासा की."

"मग गेलेलं बी लागू दे."

ड्रायव्हरने पुन्हा हॉर्न दिला. बसच्या खिडकीतून बनाबाईंनी त्याला काहीतरी सुनावलं आणि हॉर्न बंद झाला. आत्याने अंगठ्यावर तोंडाची वाफ सोडली, तो मोतिया साडीच्या पदराला सावकाश घासला, आणि काचेवर टेकवून धरला.